शनिवारी चालणारं घर

"कुणालाही ठाऊक नसलेलं बेट" असं आमच्या ताल्केनबद्दल तिकडं अमेरिकेत छापून आलं होतं. आता तुम्हीच सांगा, आम्ही एकशे चौदा माणसं इथं जन्मलो, इथं बटाटे लावतो, इथंच मरतो. पाद्री महिन्यातून एकदा येतो, त्याला हे बेट ठाऊक आहे. मोठ्या बेटावरच्या कास्त्रो गावच्या बाजारात आमचा लसूण घेणाऱ्या बायकांना ठाऊक आहे. पण आम्ही सगळे म्हणजे 'कुणी नाही'. एक अमेरिकन बाई पावसात भिजत धक्क्यावर उतरली आणि तिनं मोबाईल वर धरला, तेव्हा कुठं आमचं बेट जगात आलं म्हणे.

त्या बाईचं नाव मार्लिस. पन्नाशीची, उंच, ताडताड चालणारी, विजारीला गुडघ्यापर्यंत खिसेच खिसे. तिचा धंदा असा, की अमेरिकन लोकांनी सुट्टीत जावं अशा देखण्या पण कुणी न पाहिलेल्या जागा शोधायच्या आणि मग त्या सगळ्यांना सांगून टाकायच्या. ती तीन दिवस माझ्याकडं राहिली होती. मी तिला विचारलं, "सगळ्यांना सांगितल्यावर ती न पाहिलेली कशी राहील गं बाई?"

"म्हणून तर दर वर्षी नवी शोधावी लागते," ती हसत म्हणाली. लाज म्हणून नाही.

तिची ती यादी छापून आली आणि पहिल्या उन्हाळ्यात नऊ जण आले, दुसऱ्या उन्हाळ्यात साठ. प्रत्येक जण धक्क्यावर उतरायचा, हात पसरायचा आणि म्हणायचा, "वा! इथं कुणीच नाही!" मी समोर बादली घेऊन उभी असायची. मग म्हणायचे, "किती शांतता!" अरे बाबांनो, शांतता असणारच. शाळेत अकरा पोरं उरलीत. बाकीची मोठ्या बेटावर सॅमनच्या कारखान्यात माशांची पोटं फाडतायत. एका बाईनं माझे बटाटे हातात घेऊन विचारलं, "यांना रासायनिक खत नाही ना घातलं?" मी म्हटलं, "बाई, शेणच पुरत नाही, रसायन कुठून आणू?" तिनं ते वहीत लिहून घेतलं. ही असली माणसं, आणि यांच्यासाठी आमच्या लोकांनी नाचायचं!

नाचवायला घरचाच माणूस निघाला. उलिसेस, माझ्या धाकट्या बहिणीचा, ऑर्फेलिनाचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांची लाकडं फोडून द्यायचा. पण डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं. मार्लिसनं त्याला विचारलं, "तुमच्याकडं म्हणे अख्खं घर बैलांनी ओढून दुसरीकडं नेतात? ते बघायला मिळेल?" झालं. पोराच्या अंगात आलं.

आमच्याकडं घर नेतात, खरं आहे. घर लाकडाचं. जमीन बदलली, समुद्र जवळ आला, भावाभावांत वाटणी झाली, की घर मागं ठेवून कोण जातो? घरालाच घेऊन जायचं. त्यासाठी घरच्या माणसानं दारोदार जाऊन सांगायचं, "अमुक दिवशी माझं घर हलवायचंय, यावं." दारात येऊन मागितलं की नाही म्हणायचं नाही, ही रीत. लोक बैल आणतात, दोर आणतात, खांदा देतात. घरवाल्यानं मेंढा कापायचा, बटाट्याच्या भाकरी करायच्या, सफरचंदाची दारू काढायची. पैशाचं नावसुद्धा निघत नाही. याला मिंगा म्हणतात. पण अशी मिंगा पाच-सहा वर्षांतून एकदा होते, आणि अमेरिकन माणसाला सुट्टी असते आठवड्याची. त्याला कुठं थांबायला वेळ!

म्हणून उलिसेसनं एक खोकाच बांधला. चार भिंती, दोन खिडक्या, एका खिडकीत लाल पडदा, एका खिडकीत फुलाची कुंडी. आत जमीन नाही, चूल नाही, माणूस तर नाहीच. पिवळा रंग दिला. उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी अकरा वाजता हे घर किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकाच्या निशाणापर्यंत ओढायचं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या, दोराला हात लावून फोटो काढायचे. आणि पुढच्या शनिवारी तेच घर तिथून इकडं परत! दोन उन्हाळे तो खोका किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होता. आणि आमची ही मोठी मोठी मिशीवाली माणसं रोजंदारी ठरवून घेऊन त्याला ओढत होती, वर लोकरी टोप्या घालून, कारण पाहुण्यांना टोप्या आवडतात.

माझा शेजारी बेलार्मिनो, बेटावरचा सगळ्यात चांगला बैलवाला. त्याला मी गाठलंच एकदा.

"बेलार्मिनो, तुझ्या बापानं चर्चचं घंटाघर ओढलं होतं. तू काय ओढतोस? कोंबड्यांचं खुराडं!"

"मी कुठं ओढतो? बैल ओढतात," तो दात काढत म्हणाला. "आणि बैल माझ्याहून शहाणे झालेत, एदेल्मिरा. टाळ्या पडल्या की आम्ही जू सोडतो आणि उलिसेस एकेकाला दोन दोन सफरचंदं देतो ना? परवा अर्ध्या वाटेतच एका पाहुणीनं टाळ्या वाजवल्या, तर सगळ्या जोड्या जागच्या जागी उभ्या. मान खाली, जिभा बाहेर. हलायला तयार नाहीत."

मी हसून हसून खाली बसले. मग मी हे घरोघर सांगत सुटले, की आमचे बैल आता नाटकात गेले, टाळी पडली की त्यांचा खेळ संपला. ऑर्फेलिनाला राग आला. म्हणाली, "माझ्या पोरामुळं चार घरांत चार पैसे येतात, ते दिसत नाहीत तुला. तुला नुसती नावं ठेवायला हवीत." मी म्हटलं, "तुझं पोर बैलांना सफरचंद देतं आणि माणसांना टोप्या. फरक काय?" दोन आठवडे बोलली नाही माझ्याशी. माझी जीभ अशीच आहे. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, हिच्या तोंडात मिठाऐवजी तिखट पडलं जन्मताना.

आता माझ्या घराचं सांगते. माझ्या सासऱ्याच्या बापानं बांधलेलं, लाकडी कौलांचं, दोन मजली. साठ साली मोठी लाट आली त्यानंतर ते एकदा वर ओढून आणलेलं होतं. मी सून म्हणून आले ती याच घरात, तीन पोरं झाली ती याच घरात, नवरा गेला तो याच घरात. घर कड्यावर होतं, समोर समुद्र, पलीकडं बर्फाचे डोंगर. मार्लिस तिथं खिडकीत बसून तासन्‌तास बघायची आणि "आहाहा" करायची. पण ज्या समुद्राकडं बघून ती आहाहा करत होती तोच माझा कडा खात होता. आधी कोंबड्यांची जागा गेली. मग सफरचंदाचं झाड मुळासकट खाली गेलं. त्या वर्षी जानेवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, मी मोजलं, तर स्वयंपाकघराच्या दारापासून कड्यापर्यंत आठ पावलं राहिली होती. पुढचा हिवाळा काही घर बघणार नव्हतं.

ऑर्फेलिना, अबोला असूनही, स्वतः आली. म्हणाली, "माझ्या शेताच्या वरच्या अंगाला आण घर. जागा पडूनच आहे." बहीण ती बहीण. पण तिचं शेत खाडीच्या पलीकडं. डोंगरावरून घर नेता येत नाही, तिथं चढ उभा. वाट एकच, ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो त्या चिखलातून. तीही रोजच्या ओहोटीला नाही, उधाणाच्या दिवसांतल्या मोठ्या ओहोटीला. बेलार्मिनोनं हिशेब लावला. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी उजाडताना पाणी पार तळाला जाणार, दहाच्या आत परत येणार. त्यानंतर एवढी ओहोटी यायची तोवर हिवाळा तोंडावर आलेला असेल.

"आणि एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "चिखलात घर एकदा चालायला लागलं की थांबवायचं नाही. थांबलं की खालचे ओंडके रुतले. रुतले की देवाच्या बापालाही हलणार नाहीत."

मी दारोदार फिरले. अठ्ठावीस घरं. प्रत्येक दारात उभी राहून रीतीप्रमाणं मागितलं. सगळे हो म्हणाले. पण हो म्हणताना एकही जण डोळ्याला डोळा देईना. कुणी जमिनीकडं बघतंय, कुणी कुत्र्याला हाकलतंय. शेवटी बेलार्मिनोलाच बोलतं केलं.

"अगं, त्या शनिवारी उलिसेसकडं मोठा गट आहे. बावीस जण. मार्लिस स्वतः घेऊन येतेय. सगळ्यांनी महिन्यापूर्वीच शब्द दिलाय. आता तुलाही दारात नाही म्हणवेना."

"म्हणजे खुराड्याला माणसं आहेत आणि माझ्या घराला नाहीत?"

बेलार्मिनो बैलांना गवत टाकायला उठला.

मी तशीच तणतणत उलिसेसकडं गेले. तो खोक्याला पिवळा रंग देत होता. मला बघून हसला, जसं काही झालंच नाही.

"मावशी, मी तुझ्याकडंच येणार होतो. खोका राहू दे. त्या दिवशी तुझंच घर ओढू. सगळे बैल, सगळी माणसं तुझी. पाहुण्यांना खरीखुरी मिंगा बघायला मिळेल. फक्त जरा अकरा वाजता ठेवली तर? त्यांचा नाश्ता होईल."

"समुद्राला विचारून ये, त्याला अकराला जमतंय का," मी म्हटलं. "आणि माझं घर काय तमाशा आहे? माझा नवरा ज्या खोलीत मेला ती खोली बघून त्यांनी टाळ्या पिटायच्या?"

"नाही पिटणार."

"दोराला हात लावायचा नाही. घरात शिरायचं नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही. टाळी तर एकही नाही. चर्चमध्ये उभे राहतात तसे लांब उभे राहतील तर राहू देत."

"मावशी, आईची शपथ. एकही टाळी वाजणार नाही. मी स्वतः बघतो."

मला गरज होती म्हणून मी हो म्हटलं. मनातून मात्र जळफळत होते. माझंच घर, माझीच माणसं, आणि ती मला परवानगीनं मिळत होती, बावीस परक्यांना करमणूक हवी म्हणून!

आदल्या दिवशी दारं-खिडक्या काढल्या, चूल बाहेर काढली, पलंग, भांडी, सगळं होडीतून ऑर्फेलिनाकडं गेलं. घराखाली दोन लांब ओंडके सारले, साखळदंड आवळले. शनिवारी उजाडताना मी पलीकडच्या, ऑर्फेलिनाच्या काठाखाली जाऊन उभी राहिले, चिखलात पाय रोवून. माझ्या पाठीमागं पन्नास पावलांवर ते बावीस जण. उलिसेसनं दोरी बांधून त्यांना तिच्यामागं उभं केलं होतं. गप्प होते, ते मला मान्य करायलाच हवं. मार्लिस एका बाजूला कॅमेरा लावून उभी होती. तेवढी परवानगी उलिसेसनं तिला दिली होती, मला न विचारता.

आठ बैलजोड्या. चाळीस माणसं. बेलार्मिनोनं आरोळी ठोकली आणि घर कड्यावरून उतारानं खाली आलं. करकरत, डुलत, पण आलं. चिखलात उतरलं. सोळा बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. माणसं ओरडत होती, "ओढ! ओढ! थांबू नको!" मी जागच्या जागी मुठी आवळून पुटपुटत होते, नवऱ्याला सांगत होते, बघ रे, येतंय.

सगळ्यांना धाक होता तो मधल्या ओढ्याचा. तिथं ओहोटीलाही मांडीएवढं पाणी असतं आणि खाली चिखल मऊ. घर ओढ्यात उतरलं आणि डाव्या अंगाला कललं.  बैलांच्या पोटाला पाणी लागलं. बेलार्मिनोच्या तोंडून शिव्यांची माळ सुटली.  मग पुढच्या दोन जोड्यांनी जोर केला, साखळी ताणली गेली, आणि माझं घर त्या ओढ्यातून वर आलं! पाणी निथळत, सरळ, माझ्याकडं चालत येत होतं. त्याच्या रिकाम्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसत होतं. पुढं फक्त शंभर पावलं उरली होती. नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते एवढी तेव्हा रडले.

आणि टाळ्या वाजल्या.

आधी थोड्या, मग सगळ्या. कडाकडा. सोळा बैल जागच्या जागी थांबले. मान खाली, जिभा बाहेर. सफरचंदाची वाट बघत! आणि माणसं? माणसांचेही हात ढिले पडले. दोन उन्हाळ्यांची सवय. दोर खाली आले. बेलार्मिनोचा हातसुद्धा जू सोडायला वादीकडं गेला. त्याचं त्याला कळलंही नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी तो मरेपर्यंत विसरणार नाही.

"ओढा!" तो किंचाळला. "ओढा रे मेल्यांनो!"

उशीर झाला होता. ओंडके रुतले होते. पराण्या टोचल्या, शेपट्या पिरगाळल्या, बैल गुडघ्यावर आले, घर हललं नाही. ते बावीस जण दोरी ओलांडून धावत आले, चांगल्या बुटांनिशी चिखलात घुसले, दोराला हात घालायला लागले. एक म्हातारा तर कमरेएवढा रुतला होता, तरी खांदा लावत होता. मी त्याच्या अंगावर धावून गेले. "हात लावू नका माझ्या घराला! चालते व्हा! तुम्हीच केलंत हे, तुम्हीच!" त्यांना शब्द कळले नसतील, पण तोंड कळलं. सगळे मागं झाले.

एक साखळी तुटली. दुसरी लावली. तोवर ओढ्यातलं पाणी परत फिरलं होतं. आधी ते घोट्याला आलं, मग पोटऱ्यांना. बैल बुडतील म्हणून बेलार्मिनोनं जू सोडलं. मला दोघांनी उचलून काठावर नेलं, मी लाथा झाडत होते. दुपारच्या भरतीत घराचा एक कोपरा उचलला गेला आणि आपटला. दुसऱ्या दिवशी समुद्राकडची भिंत निखळून पडली. तिसऱ्या दिवशी छप्पर चर्चखालच्या किनाऱ्याला लागलं. लोक कौलं गोळा करून माझ्यापाशी आणून ठेवत होते. मी त्यांच्याकडं बघतही नव्हते.

पण त्या शनिवारी, काठावर, सगळ्यांच्या समोर मी उलिसेसला काय बोलले ते सांगायलाच हवं. तो मांडीपर्यंत चिखलानं माखलेला उभा होता.

"मावशी, मी त्यांना तीनदा बजावलं होतं. तीनदा."

"तुझ्या टाळ्यांनी माझं घर खाल्लं," मी म्हटलं. "तुझ्या सफरचंदांनी, तुझ्या टोप्यांनी, तुझ्या खोक्यानं. आई-बापाचं बेट तू परक्यांना खेळायला दिलंस. आजपासून तू माझा कुणी नाहीस. मी मेले तर खांदा द्यायला येऊ नकोस."

आणि त्याच्या पायाशी थुंकले.

लोकांनाही दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. स्वतःचे हात ढिले पडले होते, ते कुणाला दाखवणार? सगळं उलिसेसवर गेलं. जे दर शनिवारी त्याच्याकडून रोजंदारी घेत होते तेच त्याला बघून रस्ता बदलायला लागले. एप्रिलमध्ये त्यानं तो पिवळा खोका स्वतःच्या हातानं मोडला आणि फळ्या माझ्यापुढं आणून रचल्या. "मावशी, चांगलं लाकूड आहे. निदान एक खोली होईल," म्हणाला. मी म्हटलं, "या फळ्यांनी मी चूलसुद्धा पेटवणार नाही."  मे महिन्यात तो मोठ्या बेटावर गेला. आता तोही माशांची पोटं फाडतो.

मी राहते ऑर्फेलिनाकडं. तिनं मला त्याचीच खोली दिली. दुसरी खोली नाहीच घरात. त्याच्याच पलंगावर झोपते. भिंतीवर त्याचं शाळेचं बक्षीस आहे, गणिताचं.

पुढच्या जानेवारीत मार्लिस परत आली. या वेळी एकटी. बेटावर कुणी तिच्याशी बोलेना. मी तर नाहीच. पण ती ऑर्फेलिनाच्या दारात येऊन उभी राहिली. ऑर्फेलिना मागं गाय दोहत होती. मार्लिस म्हणाली, "तुम्हाला एक दाखवायचं आहे. मी कुणाला दाखवलं नाही."

"तुझी नवी जागा दाखव जा कुणालातरी," मी म्हटलं. "आमची आता सगळ्यांना ठाऊक झाली."

ती गेली नाही. तिनं कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढं धरला. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. माझं घर ओढ्यातून वर येत होतं. पुढं चिखलात एक म्हातारी उभी, लोकरी शाल, केस सुटलेले, तोंडभर हसतेय, रडतेय. मागं ते बावीस जण, एकही हात हलत नाही. उलिसेस त्यांच्याकडं तोंड करून, ओठांवर बोट ठेवून उभा. आणि त्या म्हातारीनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे डोळे घरावर, बैलांवर; टाळी कानावर पडली आणि मग मागच्यांनी वाजवल्या. त्यांना वाटलं असणार, कुणीतरी सुरुवात केलीय, म्हणजे आता चालतं.

ती म्हातारी मी.

तुम्ही विचाराल, मला हे आठवत नव्हतं का? शपथेवर सांगते, आठवत नव्हतं. आनंदात माणूस काय करतो ते त्याला कळत नाही. पण ते बघताना मला आश्चर्य वाटलं नाही, हेही शपथेवर सांगते. तळहातांना ती टाळी ठाऊक होती, वर्षभर.

"आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच शेजारच्यानं सुरुवात केली," मार्लिस हळू म्हणाली. "फार वाईट वाटून घेत होते सगळे. घरी गेल्यावर मी हे बघितलं. पुसायचं की ठेवायचं, तुम्ही सांगा."

मागून चरवीत दुधाची धार पडल्याचा आवाज येत होता.

"पूस," मी म्हटलं.

तिनं माझ्यासमोर पुसलं. मग माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत तिरस्कार असता तर मला बरं वाटलं असतं. "आणि तो मुलगा?" तिनं विचारलं. "त्याला सांगाल ना?"

"तुझी बोट सुटेल," मी म्हटलं.

ती गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही, अजूनपर्यंत तरी नाही. मी तिला लबाड समजत होते, आणि माझी अब्रू सांभाळून बसली आहे तीच. आणि मी? मला स्वतःची लाज वाटते. रोज वाटते. सकाळी त्या पलंगावरून उठताना वाटते, ऑर्फेलिना माझ्या ताटात मोठा तुकडा घालते तेव्हा वाटते. बेलार्मिनो भेटला की म्हणतो, "एदेल्मिरा, पोराला बोलाव आता, त्याचा काय दोष, बैल माझे होते." मी नाक वर करून पुढं जाते. कारण आज सांगितलं तर एवढी वर्षं का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल. मला ते जमत नाही. दुसऱ्यांना नावं ठेवायला जीभ तलवारीसारखी चालते, आणि एवढं एक वाक्य तिला उचलत नाही.

चार वर्षं झाली. उलिसेस दर रविवारी आईला फोन करतो. हवा कशी आहे विचारतो, गाय माझी आठवण काढते का म्हणून चेष्टा करतो, आणि शेवटी, दर वेळी न चुकता, विचारतो, "मावशी अजून रागावलीय का?"

ऑर्फेलिना फोन छातीशी धरते आणि माझ्याकडं बघते. डोळ्यांत पाणी. "एदेल्मिरा, कर गं माफ त्याला. तू एक शब्द बोललीस ना, तर तो उद्याच्या बोटीनं येईल."

"बघू म्हणावं," मी म्हणते, आणि बटाटे सोलत राहते.